पहिला झुरका कोणाच्या खाती?

धूम्रपान अपायकारक आहे, हे सिद्ध करण्यासाठी आता कोणास लेख लिहावा लागू नये. १९५० साली इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा आणि सिगारेटीचा संबंध दाखवून दिला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने तोच निष्कर्ष सरकारी शिक्क्यानिशी प्रसिद्ध केला, आणि पुढील सहा दशकांच्या संशोधनाने तो अधिकच दृढ केला. आपल्या देशात तर १ एप्रिल २०१६ पासून विडी-सिगारेटीच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्यासाठी राखून ठेवावा लागतो. ते चित्र पाहिले की जेवण जात नाही. तेव्हा प्रश्न अपायाचा नाही. प्रश्न असा की, तेरा-चौदा वर्षांचा मुलगा जेव्हा पहिली विडी ओठांस लावतो, तेव्हा त्या कृत्याचे उत्तरदायित्व कोणाच्या खाती मांडावे, आणि ज्याच्या खाती ते मांडले जाईल त्याने करावे काय?

आम्हांस हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटत नाही. उत्सवाच्या दिवसांत स्वयंसेवक पथकातील तीन मुले धर्मशाळेच्या मागील बाजूस सिगारेट ओढताना आढळली, आणि त्यांस पथकातून काढून टाकावे, म्हणजे इतरांस धडा मिळेल, अशी सूचना काही ज्येष्ठ सभासदांनी केली आहे. सूचनेमागील तळमळ आम्ही जाणतो. देवाच्या आवारात जे घडू नये ते घडले, याविषयी दुमत नाही. तथापि शिक्षा ठरविण्यापूर्वी अपराधाचे स्वरूप नीट समजून घ्यावे, असा न्यायाचा संकेत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे व्यसनाचा विचार बहुधा इंद्रियनिग्रहाच्या अंगाने केला जातो. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील राजस सुख आरंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे असते. कीर्तनकार व प्रवचनकार व्यसनाचे उदाहरण देताना हाच दाखला देतात, आणि मद्यादी पुष्कळ विषयांस तो चपखल लागूही पडतो. परंतु विडीस तो तितकासा लागू पडत नाही, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते. कारण विडीच्या आरंभी अमृत नसतेच. ज्याने पहिला झुरका घेतला असेल त्यास विचारावे. घसा जळतो, ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते, डोके गरगरते, कित्येकांस मळमळून उलटी होते. देह त्या धुरास हरप्रकारे नकार देत असतो. तरीही मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतो, तिसऱ्या दिवशी करतो, आणि ठसका येऊ न देता धूर आत घेण्याची कला कष्टाने साध्य करतो. याला इंद्रियलौल्य म्हणावे काय? इंद्रिये तर विरोधात उभी आहेत! खरे पाहता तो मुलगा इंद्रियांचा निग्रहच करीत असतो. फरक इतकाच की, तो निग्रह भलत्या दैवतासाठी चाललेला असतो.

ते दैवत कोणते, हे ओळखल्याशिवाय उपदेशाचा बाण लक्ष्यावर लागणार नाही. ते दैवत म्हणजे मोठेपण. चार सवंगड्यांत आपण मागे पडू नये, आपल्यास कोणी ‘लहान’ म्हणू नये, ही त्या वयाची सर्वांत तीव्र भूक असते. अन्नाची भूक परवडली, पण ही नाही. आणि सिगारेट हे मोठेपणाचे अत्यंत स्वस्त चिन्ह आहे. वडिलांसारखी नोकरी करावयास दहा वर्षे थांबावे लागते, मिशी यावयास तीन-चार वर्षे लागतात; सिगारेट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत काही रुपयांस मिळते.

ते चिन्ह त्यास मोठेपणाचे का वाटते? कारण आपणच तसे शिकविले. ‘हे मोठ्या माणसांचे काम आहे, तुझे नव्हे’, ‘आधी स्वतःच्या पायांवर उभा राहा, मग काय ते कर’, ही वाक्ये आमच्या सभासद कुटुंबांत कधी उच्चारली गेली नसतील, असे आम्ही मानीत नाही. जो बाप स्वतः पाकीट खिशात ठेवतो, तो मुलास असे म्हणतो तेव्हा त्याचा हेतू चांगला असतो, परंतु मुलाच्या कानी त्याचा अर्थ निराळाच पडतो. त्या वाक्यात सिगारेटीस वाईट म्हटलेले नसते. ती एक मानाची वस्तू असून योग्य वेळी मिळावयाची आहे, असे सांगितलेले असते. उपनयनाआधी जानव्याची ओढ बटूस लागावी, तसा हा प्रकार होतो.

गंमत अशी की, हेच वाक्य सिगारेट-कंपन्यांसही अत्यंत प्रिय आहे. १९९८ साली अमेरिकेत एका बड्या सिगारेट-कंपनीने स्वतःच्या खर्चाने मुलांसाठी धूम्रपानविरोधी जाहिरातींची मोहीम काढली. तिचा आशय साधारण हाच होता की, विचार कर आणि ओढू नकोस. विक्रेत्यानेच गिऱ्हाइकास परत पाठवावे, हे औदार्य पाहून कोणासही गहिवर यावा! पुढे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले ते असे की, त्या जाहिराती पाहिलेल्या मुलांच्या मनात धूम्रपानाविषयी तिटकारा उत्पन्न झाला नाही. उलट कंपन्यांविषयीचे मत मात्र सुधारले. त्याच सुमारास अमेरिकेतील खटल्यांमुळे या कंपन्यांची जुनी अंतर्गत टिपणे उघड झाली होती. आजचा कुमार हाच उद्याचा नित्याचा ग्राहक आहे आणि बहुतेक ओढणारे आपली सवय कुमारवयातच लावून घेतात, असा स्पष्ट हिशेब १९८१ सालच्या एका टिपणात मांडलेला आहे. व्यापाराच्या दृष्टीने तो हिशेब चुकीचाही नाही. अमेरिकेत रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहांतील सुमारे नऊजणांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापूर्वी ओढलेली असते. पंचविशीनंतर नव्याने विडी धरणारा मनुष्य विरळा. म्हणजे ज्यास आपण ‘प्रौढांचा छंद’ म्हणतो, तो वस्तुतः बालपणी घेतलेला एक निर्णय असून प्रौढपणी फक्त त्याचे हप्ते फेडले जातात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो विचारार्ह आहे. कोणी म्हणेल की, मनुष्यास आपल्या देहाचे बरेवाईट करण्याचे स्वातंत्र्य आहे. आपण जर प्रौढांस विडी ओढू देतो, तर मुलांवरच पहारे बसविणे हे दांभिकपणाचे नव्हे काय? स्वातंत्र्याचे मूल्य आम्ही कमी लेखीत नाही. परंतु स्वातंत्र्याच्याच नावाने याचे उत्तर देता येते. समजा, पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलोपार्जित घर एखाद्यास लिहून दिले, तर न्यायालय त्या कागदास किंमत देईल काय? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाने केलेला करार टिकत नाही, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने एका कलकत्त्याच्या प्रकरणात असा करार मुळातच शून्यवत ठरविला. अज्ञानाचा अपमान करावा म्हणून हा नियम झालेला नाही. उद्या तो सज्ञान होईल, तेव्हा त्याच्या हाती निवड करण्यासाठी काहीतरी शिल्लक असावे म्हणून झालेला आहे. घराच्या बाबतीत जो न्याय आपण निमूटपणे मान्य करतो, तो फुप्फुसाच्या बाबतीत का मानू नये? घर गेले तर पुन्हा बांधता येते.

शिवाय निकोटिन हे द्रव्य निवडीस मोकळे सोडीत नाही. मनुष्याचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि त्यातही विवेक व आवर यांचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. त्या घडणीच्या काळात निकोटिनाची सवय प्रौढापेक्षा अधिक लवकर व अधिक खोल जडते. काही मुलांत तर रोजची सवय लागण्यापूर्वीच, म्हणजे अधूनमधून ओढीत असतानाच, तलफेची चिन्हे दिसू लागतात. ‘मी वाटेल तेव्हा सोडू शकतो’ असे तो मुलगा ज्या दिवशी आत्मविश्वासाने सांगतो, त्या दिवशी ते वाक्य कदाचित खरे राहिलेले नसते, आणि हे त्यास ठाऊक नसते. चाळीस वर्षांच्या माणसाचे स्वातंत्र्य पंधरा वर्षांच्या मुलाने त्यास न विचारता विकून टाकावे, यास आम्ही स्वातंत्र्य म्हणण्यास तयार नाही.

याच तर्काचा शेवट गाठण्याचा प्रयत्न काही देशांनी केला. न्यूझीलंडने २०२२ साली असा कायदा केला की, १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणासही तंबाखू आयुष्यात केव्हाच विकता येऊ नये; परंतु तो अमलात येण्यापूर्वीच २०२४ साली नव्या सरकारने रद्द केला. मालदीवने मात्र १ जानेवारी २००७ पासून जन्मलेल्यांसाठी तशीच बंदी १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. एका पिढीस मोकळीक व पुढच्या पिढीस कायमची बंदी हा न्याय आम्हांस पूर्णपणे पटत नाही. चाळिशीच्या मनुष्याने एकेचाळिशीच्या मनुष्याकडून विडी मागून घ्यावी, असा प्रसंग त्यातून उद्भवेल. पण तो बाजूस ठेवू. कर्नाटकात २०२५ पासून तंबाखू विक्रीची वयोमर्यादा अठराऐवजी एकवीस झाली आहे, ती मात्र आम्हांस योग्य वाटते. मुलास सिगारेट मिळते ती बहुधा दोन-तीन वर्षांनी मोठ्या अशा मित्राकडून. वयोमर्यादा अठरा असेल, तर असा मित्र शाळेच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या आवारातच सापडतो. एकवीस असेल, तर तो तेथून निघून गेलेला असतो.

आता शाळांकडे वळू. कारण ‘शाळेत शिकवा’ हा आपला ठरलेला उपाय आहे. रहदारी, स्वच्छता, पर्यावरण, व्यसन, जे जे आपल्या हातून होत नाही, ते ते आपण शिक्षकांच्या हवाली करतो. शाळेतील उपदेशाने मुले धूम्रपानापासून परावृत्त होतात काय, याचा सर्वांत कसोशीचा शोध अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात घेतला गेला. १९८४ साली सुरू झालेल्या त्या प्रयोगात ४० शालेय विभागांतील ८,३८८ मुले होती. निम्म्या विभागांत तिसऱ्या इयत्तेपासून दहाव्या इयत्तेपर्यंत वर्षानुवर्षे पद्धतशीर पाठ दिले गेले. शिक्षकांस प्रशिक्षण दिले, मुलांस मोहाचा प्रतिकार कसा करावा हे शिकविले, आणि शाळा सोडून दोन वर्षे होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. प्रयोगाचे फळ २००० साली प्रसिद्ध झाले: पाठ मिळालेली मुले आणि न मिळालेली मुले यांच्या धूम्रपानात काहीच फरक नव्हता. दोन्हीकडे सुमारे एक चतुर्थांश मुले रोज ओढीत होती. पंधरा वर्षांच्या परिश्रमाचे हे उत्तर स्वीकारावयास धैर्य लागते, आणि ते लपवून न ठेवता छापले, याबद्दल त्या संशोधकांस आम्ही मनोमन नमस्कार करतो.

मग शाळेने काही करूच नये काय? असे नव्हे. दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात दुसरा एक प्रयोग झाला. त्याचे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘मायत्री’ असे जुळविले होते. आपल्या कानांस ते मैत्रीच ऐकू येते, आणि ते अनुचितही नाही. त्यात वर्गातील पाठ होतेच, पण ते पाठ बहुतांशी मुलांनीच मुलांस द्यावयाचे होते. शिवाय भिंतीवरील चित्रे होती, पालकांच्या पत्त्यावर घरी पत्रे जात होती, आणि मुलांच्या तुकड्या शाळेबाहेर पडून स्वतः चळवळ करीत होत्या. दोन वर्षांच्या अखेरीस ज्या शाळांत हा उपक्रम नव्हता तेथे तंबाखूचे सेवन ६८ टक्क्यांनी वाढले, आणि जेथे होता तेथे १७ टक्क्यांनी घटले. याच प्रयोगाच्या आरंभी जी पाहणी केली, तिने तर सर्वांस चकित केले: सहावीतील मुलांत तंबाखूचे सेवन आठवीतील मुलांपेक्षा दुपटीहून अधिक आढळले. म्हणजे धोक्याचे वय आपण समजतो त्याच्याही अलीकडे येऊन ठेपलेले आहे. २०१९ सालच्या राष्ट्रीय युवक पाहणीनेही तेच दाखविले. ज्या मुलांनी कधीतरी विडी ओढून पाहिली होती, त्यांपैकी ४७ टक्क्यांनी ती वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच ओढलेली होती. मुंजीच्या वयाची ही मुले! नववी-दहावीच्या वर्गात जाऊन व्यसनमुक्तीचे व्याख्यान देणाऱ्या आमच्या वक्त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

इंग्लंडच्या पश्चिम भागात व वेल्समध्ये ५९ शाळांत जो प्रयोग झाला आणि २००८ साली ज्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तो आम्हांस याहूनही बोधक वाटतो. तेथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांस गुप्तपणे विचारले की, तुमच्या वर्गात तुम्ही कोणास मानता? कोणाचे ऐकता? शिक्षकांना आवडणारी नव्हे, मुलांना आवडणारी मुले हवी होती. त्यांत गुणी होती तशी उनाडही होती. त्यांस शाळेबाहेर नेऊन दोन दिवस शिकविले, आणि पुढील दहा आठवडे मधल्या सुट्टीत, बसमध्ये, खेळाच्या मैदानावर आपल्या मित्रांशी सहज बोलावयास सांगितले. व्याख्यान नाही, फलक नाही, शपथ नाही. त्या शाळांतील मुले धूम्रपानाकडे वळण्याचे प्रमाण पुढील दोन वर्षांत लक्षणीय रीतीने कमी राहिले.

आता धर्मशाळेमागे सापडलेल्या आमच्या तीन मुलांकडे पाहावे. त्यांपैकी एक असा आहे की, पालखीच्या वेळी तो ज्या बाजूस उभा राहतो त्या बाजूस बाकीची मुले आपोआप गोळा होतात. त्यास पथकातून काढले, तर तो एकटा जाणार नाही. तो ज्या टपरीवर जाऊन बसेल, तेथेच त्याचे पथक जमेल, आणि तेथे त्यास कोणी वडीलधारा विचारणार नाही. ज्याच्यामागे मुले जातात, त्यास आपल्या बाजूस आणणे हे एकास दंड करण्यापेक्षा अधिक अवघड व अधिक उपयोगी आहे. म्हणून ती सूचना मंडळाने नामंजूर करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मुलांस पथकात ठेवावे, त्यांच्या पालकांशी एकांतात बोलावे, आणि जत्रेच्या दिवशी आवार धूरमुक्त ठेवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. काही वाचकांस हे बक्षीस दिल्यासारखे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांनी हे काम केले आहे ते जाणतात की, काकांच्या हातातील विडी विझवावयास सांगणे ही पंधरा वर्षांच्या मुलास कोणत्याही शिक्षेहून जड जाणारी गोष्ट आहे.

फ्लोरिडा राज्याने १९९८ साली काढलेल्या मोहिमेचेही मर्म हेच होते. ‘तुम्ही वाईट आहात’ असे मुलांस सांगितले नाही. तुम्हांस गिऱ्हाईक करण्यासाठी मोठी माणसे कोठे बसून कसे डाव रचतात, ते उघड करून दाखविले. मुलांचा जो बंडखोरपणा सिगारेट ओढण्यात खर्च होत होता, तो सिगारेट विकणाऱ्यांच्या विरुद्ध वळला. दोन वर्षांत कनिष्ठ वर्गांतील धूम्रपान १८.५ टक्क्यांवरून ११.१ वर, आणि वरिष्ठ वर्गांतील २७.४ वरून २२.६ वर आले.

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांवर गोव्याने १९९७ सालीच, म्हणजे केंद्राच्या आधी, कायदा केला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू सेवन करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण देशात २८.६ टक्के आढळले असताना गोव्यात ते ९.७ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत कमी होते, महाराष्ट्रात २६.६ होते. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर सार्वजनिक धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी झाली, आणि तिचा भंग केल्यास दंड ठेवला तो दोनशे रुपयांपर्यंत! उलट २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. एकाच कृत्यास एक कायदा चिमटा काढतो व दुसरा सुळावर चढवितो. अशा स्थितीत पोलीस बहुधा दोन्ही करीत नाहीत. महाराष्ट्राने २०२० साली सुटी विडी-सिगारेट विकण्यास बंदी केली, तिचा उद्देश उत्तम होता. मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटीचे असतात. पण सुटी सिगारेट खरोखर बंद झाली काय, हे ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यावर पाहून घ्यावे.

असे असले तरी कायदे निष्फळ ठरले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २००९ साली १४.६ टक्के होते, ते २०१९ साली ८.५ वर आले. ही घट लहान नव्हे. त्यात मुलींचे प्रमाण मुलांच्या फारसे मागे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण या विषयावरील आमची सारी चिंता मुलग्यांपुरतीच असते, आणि मिश्रीचा डबा घराच्या आतच फिरत असतो.

आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास जड जाते. निपाणी, चिकोडी या भागांतील आमच्या अनेक सभासदांच्या घरी तंबाखू हे विष नसून पीक आहे. त्या पिकावर मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या रास्त भावासाठी महामार्गावर ठिय्या दिला, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी बळी पडले. त्यांच्या घरच्यांपुढे उभे राहून ‘तंबाखू पाप आहे’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याने कधी नांगर धरला नाही त्यास आहे काय? विडी वळणाऱ्या भगिनींचे बोट दिवसाकाठी हजाराच्या हिशेबाने चालते, आणि तंबाखूची धूळ त्यांच्याही छातीत जाते. आमचे मत असे की, पिकविणारा व वळणारा यांस मुलाच्या व्यसनाबद्दल दोषी धरता येत नाही; परंतु त्यांच्या उपजीविकेचे निमित्त सांगून शाळेसमोरच्या विक्रीचे समर्थनही करता येत नाही. निपाणीच्या शेतकऱ्याने रास्त भाव मागितला होता; सहावीतील मुलगा गिऱ्हाईक म्हणून मागितला नव्हता.

परंपरेचा आधारही कोणी घेऊ नये. चिलीम साधुबैराग्यांच्या हाती दिसते म्हणून ती सनातन ठरत नाही. तंबाखू या भूमीत पोर्तुगीजांनी आणली. अकबराचा सरदार असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरास आला, तेव्हा त्याने ती प्रथमच पाहिली आणि नवलाची वस्तू म्हणून बादशहाकडे नेली. दरबारातील वैद्याने हरकत घेतली होती, आणि १६१७ साली जहांगिराने ती बंद करण्याचा हुकूमही काढला. देवापुढे ठेवण्याच्या विड्यात आजतागायत तंबाखूस प्रवेश मिळालेला नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. (सुपारीही निर्दोष नाही, असे वैद्यकाचे म्हणणे आहे, परंतु तो वाद या अंकात नको.) नव्या रूपाचाही उल्लेख येथेच करतो. लेखणीसारखी दिसणारी, फळांच्या वासाची विजेवरील सिगारेट आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंद आहे. तिला धुराचा वास येत नाही, त्यामुळे आईच्या नाकास ती सापडत नाही. दप्तरात चार्जिंगची अनोळखी वस्तू आढळली, तर चौकशी करावी.

शेवटी मंडळापुढे एक प्रत्यक्ष प्रस्ताव ठेवतो. पुष्कळ देवस्थानांच्या मालकीचे गाळे रस्त्याच्या बाजूस भाड्याने दिलेले असतात, आणि त्यांत पानपट्टीचे गाळे भाडे अधिक देतात, हे कोणत्याही कोषाध्यक्षास ठाऊक असते. यापुढे कोणताही भाडेकरार नवा करताना तंबाखूचा कोणताही पदार्थ तेथे विकला जाणार नाही, अशी अट त्यात घालावी. चालू करार मुदतीपर्यंत तसेच राहू द्यावेत; दुकानदारही संसारी माणूस आहे आणि त्यास दुसरा माल भरण्यास वेळ मिळाला पाहिजे. त्याने जागा सोडू नये म्हणून पहिल्या वर्षी भाड्यात काही सूट द्यावी लागली तर द्यावी. त्यामुळे वार्षिक उत्पन्नात जी तूट येईल ती भरून काढण्यासाठी उत्सवातील रोषणाईचा खर्च कमी करता येईल, असे आमचे अनुमान आहे. सर्वसाधारण सभेच्या सूचनापत्रिकेत हा विषय घेण्यात यावा, अशी विनंती आम्ही चिटणीसांकडे लेखी दिली आहे.